मापाच्या काड्या

असाहेल : मग काय, पाय फुटले का त्या काड्यांना? काल संध्याकाळपर्यंत जुडी इथे, या खिडकीच्या खुंटीला टांगलेली होती.

थर्झा : होती.

असाहेल : आणि आज नाही.

थर्झा : नाही खरी.

असाहेल : ताई, आज माझ्याशी असं तुटक बोलू नकोस. पेल्हॅम व्यापारी येतोय बोस्टनहून. रस्त्यावर बर्फ घट्ट बसलाय, त्याची घसरगाडी जेवणाच्या आतच दारात उभी राहील. तो आधी काड्या मागेल आणि मग करार खिशातून काढेल. जेबेझकाका, तुम्ही पाहिलीत का जुडी?

जेबेझ : म्हं.

असाहेल : म्हणजे हो की नाही?

जेबेझ : म्हंम्हं.

थर्झा : तोंडात खिळे आहेत त्यांच्या. उगाच बोलायला लावू नकोस, एखादा घशात जायचा.

जेबेझ : थू. गेला तरी भिण्यासारखं काही नाही, पोरी. असाहेलच्या यंत्रावर पाडलेले लाकडी खिळे आहेत. पोटात पोचायच्या आतच मोडतील.

असाहेल : यंत्राची थट्टा नंतर करा, काका. जुडी पाहिलीत का?

जेबेझ : मी जोड्यांचे तळवे ठोकतो. माझी नजर खाली असते. तुझ्या बापाच्या वेळेपासून खालीच आहे.

असाहेल : एवढीशी खोली ही. एक चूल, एक खिडकी, तीन बाकं आणि आपण तिघं. इथून जुडी जाणार कुठे?

जेबेझ : तुझ्या वस्तू जातात रे अशा. शिंगाचे कंगवे केलेस, ते उंदरांनी खाल्ले. हाडाची बटणं केलीस, ती ओढ्याच्या पुरात गेली. छत्र्या केल्यास, त्यांचं काय झालं होतं?

थर्झा : पहिल्याच वाऱ्यात उलट्या झाल्या. एक तर पाद्रीसाहेबांच्या हातात, प्रेतयात्रेत.

असाहेल : हसा. हसून घ्या दोघं. गाव मला अजून बटणवाला म्हणून हाक मारतं, घरच्यांनी तरी का मागे राहावं? पण जोड्यांचं काम चाललंय ना? गेला हिवाळा चाललं. आता पेल्हॅम तीन हिवाळ्यांचं काम देतोय. गावातल्या घराघराच्या मागे अशी एकेक खोली आहे आणि प्रत्येक खोलीत कुणीतरी मांडीवर दगड घेऊन तळवे बडवतंय. प्रत्येक स्वयंपाकघरात एक बाई वरची कातडी शिवतेय. ते सगळं कुणाच्या जिवावर? माझ्या.

जेबेझ : तुझ्या आणि माझ्या कंबरेच्या.

असाहेल : तुमच्या कंबरेची काळजी म्हणूनच जोडे बेतायचे नवे लाकडी फरमे आणले होते. डाव्या पायाचा वेगळा, उजव्याचा वेगळा. मोठ्या शहरात आता तेच चालतात. तुम्ही हात लावला का त्यांना? शिव्या देऊन माळ्यावर फेकलेत.

जेबेझ : फेकणारच. जोडे दोन्ही एकसारखे असावेत. आज या पायात, उद्या त्या पायात. सारखे झिजतात, दुप्पट टिकतात. दोन महिन्यांत पाय आपोआप शिकतो जोड्यात कसं राहायचं. जोड्यानं पायाची मर्जी सांभाळायची हे फॅड कुठून आणलंस?

असाहेल : फॅड राहू दे. जुडी. ताई, तू काल सगळ्यात शेवटी उठलीस इथून.

थर्झा : हो.

असाहेल : चूल तूच विझवलीस.

थर्झा : विझवायच्या आधी थोडी पेटवली.

असाहेल : म्हणजे?

थर्झा : काड्या चुलीत घातल्या मी.

असाहेल : चुकून?

थर्झा : नाही.

असाहेल : काटक्या समजून घातल्या असशील. वाळुंजाच्याच तर होत्या. अंधारात दिसलं नसेल.

थर्झा : असाहेल, मी तुला लहानाचं मोठं केलं. आई गेली तेव्हा तू धड चालतही नव्हतास. माझ्याकडून कधी काही चुकून झालंय का? जाणूनबुजून घातल्या.

असाहेल : काका, तुम्हाला माहीत होतं.

जेबेझ : माझ्या तोंडात खिळे होते.

असाहेल : काल पण होते?

जेबेझ : तोंडात खिळे असले की साक्ष द्यावी लागत नाही. म्हणून तर हा धंदा धरला.

असाहेल : का केलंस ताई? माझं वाटोळं करायचं होतं तर कंगव्यांच्या वेळी करायचंस. तेव्हा नवऱ्याच्या मागे राहिलेली गाय विकून मला पैसे का दिलेस? तेव्हा म्हणाली होतीस, पोरगा खटपट्या आहे, एक दिवस काहीतरी उभं करेल. आज उभं राहतंय तर तूच पायाखालची फळी काढलीस.

थर्झा : काय उभं राहतंय ते एकदा तोंडानं बोल.

असाहेल : कारखाना.

थर्झा : कुणाचे जोडे करणारा?

असाहेल : तिकडच्या मळ्यांचा माल आहे. तुला माहीत आहे.

थर्झा : तिकडचा माल. तुझ्या जिभेवर शब्द येत नाही, बघ. गुलामांचे जोडे, असाहेल. जॉर्जियातल्या कापसाच्या मळ्यावरच्या माणसांचे. माणसं इथे येऊ शकत नाहीत म्हणून मुकादम त्यांच्या पायाला काडी लावतो, पायाएवढी कापतो आणि जुडी बांधून पाठवतो. माणसामागे एक काडी.

असाहेल : मग अनवाणी राहू देत का त्यांना? तिकडेही थंडी पडते. आपण जोडे केले नाहीत तर ते काय सुटणार आहेत? पलीकडच्या गावात लगेच कुणीतरी करेल. वाईट करेल, पुठ्ठ्याचा तळ घालून करेल. मी निदान खरं कातडं वापरतो.

थर्झा : बुधवारी आम्ही बायका चर्चमध्ये बसतो. गुलामांच्या सुटकेसाठी निधी जमवायचा म्हणून रजई शिवतो. गुरुवारी घरी येतो आणि त्यांच्या मालकासाठी जोडे शिवतो. सुई तीच असते. मला त्या सुईची लाज वाटायला लागली.

असाहेल : तुला लाज वाटली म्हणून गावानं उपाशी बसायचं? लायमनचा हात कापला गेलाय, त्याच्या घरात बायको पार्सिस एकटी शिवते. तिची चूल कशावर पेटते? तिला जाऊन सांग की मला लाज वाटली, आता तू पोरांना बर्फ खायला घाल.

थर्झा : पार्सिसचं नाव पुढे करू नकोस. कारखान्याच्या दारावर पाटी तुझ्या नावाची लागायची आहे, तिच्या नाही.

असाहेल : हो, माझ्या. त्यात पाप आहे का? चाळिशी आली माझी. एक तरी गोष्ट माझ्या हातून तडीला जावी असं मला वाटू नये?

जेबेझ : वाटावं रे. ओरडू नकोस. चामडं ओलं असताना ओरडलं की आकसतं.

असाहेल : बरं. काड्या गेल्या ना, जाऊ देत. मी काही हात टेकत नाही. तीन मापं करू. लहान, मधलं, मोठं. तीन ढिगांत बांधू आणि पाठवू.

थर्झा : मापाशिवाय?

असाहेल : मापाशिवाय. जॉर्जियातून इथे कोण येणार आहे तक्रार करायला? मालकाला जोडे मोजायचे असतात, घालायचे नसतात. जोड्यांची पिंपं भरली, जहाजात चढली, झालं. पेल्हॅमला सांगेन की माणसं काय, घोडी काय, पाय तीनच मापांचे असतात. तो गाडीत बसून विचार करेल आणि मान डोलावेल.

थर्झा : आणि ज्याचा पाय दोन ढिगांच्या मधे येतो?

असाहेल : तो घट्ट घालेल. किंवा सैल घालेल.

थर्झा : नांगराच्या मागे दिवसभर, घट्ट जोड्यात?

असाहेल : हे मला विचारू नकोस. मापं मी नाही जाळली. मी एकेका माणसाचा जोडा त्याच्या काडीवर बेतून करणार होतो. गेल्या वर्षी केले. तू तुझी सुई स्वच्छ ठेवायला काड्या जाळल्यास, आता फोड त्यांच्या पायांना येणार. तुला नाही, मला नाही, पेल्हॅमला नाही. मालकाला तर नाहीच. बोल ना.

थर्झा : काका, पाय जरा तिकडे घ्या.

जेबेझ : कशाला?

थर्झा : टोपली ओढायची आहे मला.

असाहेल : टोपलीत काय आहे? ताई?

थर्झा : घे. सगळ्या नाहीत जळल्या.

असाहेल : अरे, ही तर जुडी. तू म्हणालीस चुलीत घातल्या.

थर्झा : एक मूठ घातली. ती जळली. ती खरीच जळली, असाहेल, ती परत येणार नाही. दुसरी मूठ टाकायला हात पुढे केला तर बोटाला काहीतरी खरखरीत लागलं. उजेडाला धरून बघितलं. ही बघ. ही वेगळी ठेवली आहे.

असाहेल : काय आहे तिला? वरच्या अंगाला खाचा आहेत, दोन लांब, एक आखूड. सगळ्यांना असतात. कुठला जोडा कुणाचा ते वाटताना कळावं म्हणून.

थर्झा : खाचा नाही. कडेला बघ. पुढच्या टोकाच्या अलीकडे.

असाहेल : नखानं कोरल्यासारखं आहे. अर्धा चंद्र.

थर्झा : बाकी कुठल्याच काडीवर नाही. रात्रभर एकेक काडी बघितली मी.

असाहेल : पोरानं खेळताना कोरलं असेल. वाहतुकीत घासलं असेल.

जेबेझ : इकडे आण.

असाहेल : काका, तुम्ही तुमचं—

जेबेझ : इकडे आण म्हटलं ना. काडी आहे, तुझा करार नाही. हं. टाच माझ्याकडे धरली. खाचा वर. चंद्र उजव्या कडेला आहे. आणि किती पुढे आहे बघ. करंगळी इतकी पुढे येत नसते. हे अंगठ्याचं मूळ. अंगठा उजवीकडे, म्हणजे पाय डावा.

थर्झा : मलाही तसंच वाटलं. पण माझा विश्वास बसेना.

जेबेझ : डाव्या पायाच्या अंगठ्याचं हाड बाहेर आलेलं आहे या माणसाचं. आणि तिथे जोडा चावतोय.

असाहेल : कुठला जोडा?

जेबेझ : आता कसं विचारतोस? गेल्या वर्षी त्यांना जोडे कुणी पाठवले होते?

थर्झा : आपण.

जेबेझ : मी. तळवा मी ठोकला. एकसारख्या फरम्यावर, डावा तसा उजवा. दोन महिन्यांत पाय शिकतो म्हणणारा मी. वर्ष झालं, या माणसाचा पाय काही शिकला नाही.

थर्झा : त्यांना लिहायला शिकवत नाहीत, काका. शिकलं तर मारतात. मुकादमाला सांगायची सोय नाही, मालकाला तर नाहीच नाही. त्याला एवढंच ठाऊक होतं की ही काडी शेवटी अशा माणसाच्या हातात जाईल जो जोडा करतो. मुकादमाची पाठ फिरली असेल तेवढ्यात त्यानं नखानं कोरलं. कुणीतरी बघेल, म्हणून. आणि मी ती चुलीत टाकत होते.

असाहेल : ताई, रडू नकोस.

थर्झा : ज्या जळल्या त्यांच्यावर काय होतं कुणास ठाऊक. बघितल्या पण नाहीत मी. मोठ्या पुण्याचं काम करायला निघाले होते.

असाहेल : झालं ते झालं. ऐक. पेल्हॅम यायच्या आत मार्ग काढू. ओढ्याकाठी वाळुंज आहे. जळल्या तेवढ्या काड्या नव्या कापतो, अंदाजानं. थोडा धूर दिला की जुन्या दिसतील. खाचाही पाडतो. तो जुडी मोजून बघेल, करार होईल आणि जोडे—

थर्झा : आणि ती खोटी काडी तिकडे पोचली, मुकादमानं कुणाच्या पायाला लावली आणि जमली नाही, तर मार कुणाला बसेल? तुला?

असाहेल : मग उरलेली जुडी तशीच दाखवतो. सांगतो, थोड्या हरवल्या.

जेबेझ : काड्या जोड्यांबरोबर परत जातात आणि काडीशिवाय तिकडे जोडा देत नाहीत. तूच सांगितलंस गेल्या वर्षी. मुकादम काडी हातात धरतो आणि नाव पुकारतो. ज्याची काडी नाही, तो अनवाणी.

असाहेल : तर मग— थांबा. ही चंद्राची काडी पण परत जाणार. मुकादम ती हातात धरणार.

थर्झा : येताना त्याची नजर चुकली.

असाहेल : जाताना चुकेलच असं नाही. मालकाच्या काडीवर आपली तक्रार कोरली म्हणून...

जेबेझ : रापीनं तासून टाकतो. दोन फटके मारले की चंद्र साफ. माप मी लक्षात ठेवतो.

थर्झा : तासलेली जागा पांढरी दिसेल. तो विचारणार नाही का, ही का तासली?

असाहेल : गप्प बसा जरा. दोघंही.

जेबेझ : घुंगरं वाजताहेत.

असाहेल : ऐकतोय मी.

थर्झा : गिरणीच्या वळणावर आला असेल. असाहेल, मी तुला आत्ताच सांगते, मागाहून नको. या हिवाळ्याचे जोडे मी शिवीन. मापाप्रमाणे शिवीन, पार्सिसला आणि बाकीच्यांनाही शिवायला लावीन. कारण त्या पायांना आपण बांधलेले आहोत. पण त्या करारावर तू सही केलीस तर पुढच्या हिवाळ्यात माझं बाक रिकामं असेल.

असाहेल : सख्ख्या भावाला धमकी.

थर्झा : सख्खा आहेस म्हणून आधी सांगितली.

असाहेल : ती जुडी टोपलीत घाल. चंद्राची पण. वर कातडी पसर.

थर्झा : काय करणार आहेस?

असाहेल : टोपली झाक म्हटलं ना. काका, खिळे तोंडात धरा.

(असाहेल दार ओढून बाहेर जातो. घुंगरं थांबतात.)

थर्झा : दिसतंय का काही?

जेबेझ : खिडकीवर बर्फ साचलाय, फटीतून दिसतंय. पेल्हॅम गाडीतून उतरत नाहीये. असाहेलच पुढे गेलाय, टोपी न घालता.

थर्झा : सही करेल तो.

जेबेझ : करेल की.

थर्झा : त्याचा काय दोष? आयुष्यभर लोक हसले त्याला. मीसुद्धा हसले. आज कुणीतरी घसरगाडीत बसून त्याच्या दारी आलंय. कुणाला मोह पडणार नाही?

जेबेझ : पोरी, काल तू चुलीपुढे होतीस तेव्हा मी झोपेचं सोंग घेऊन बाकावर पडलो होतो. पहिली मूठ जळताना बघितली मी. उठलो नाही.

थर्झा : का नाही उठलात?

जेबेझ : बरं वाटलं मला. म्हटलं, जाऊ देत एकदाच्या. गेल्या वर्षी ते जोडे ठोकताना मला कुणाचे पाय दिसायचे नाहीत. आता म्हातारपणी दिसायला लागले होते. म्हटलं काड्या गेल्या की पाय पण जातील.

थर्झा : भांडताहेत का?

जेबेझ : नाही. हसतोय कुणीतरी. पेल्हॅमच असेल, असाहेलला असं हसता येत नाही.

थर्झा : घोडा वळला. ऐका, घुंगरं. निघाला तो. इतक्यात?

जेबेझ : सही करायला किती वेळ लागतो? दार उघडतंय, सुई हातात घे.

थर्झा : काय झालं? असाहेल, दार लाव, गार वारा येतोय. काय झालं ते बोल.

असाहेल : सांगितलं त्याला, काड्या जळल्या. सगळ्या. माझ्या हातून, काटक्या समजून. आता एकही काडी परत जाणार नाही, चंद्राचीही नाही.

थर्झा : तुझ्या हातून?

असाहेल : बटणवाल्यानं काड्या जाळल्या यावर कुणाचाही विश्वास बसतो. त्याचाही लगेच बसला.

जेबेझ : मग चिडला असेल.

असाहेल : चिडला असता तर बरं झालं असतं, काका. हसला. म्हणाला, त्यात काय, तीन मापांत कर आणि पाठवून दे, जॉर्जियातून इथे कोण येणार आहे तक्रार करायला? माझेच शब्द. मी मघाशी इथे उभं राहून बोललो ते, जसेच्या तसे. माझ्या तोंडात होते तेव्हा शहाणपणाचे वाटत होते. त्याच्या तोंडून ऐकले तेव्हा नाही.

थर्झा : आणि करार?

असाहेल : काढला ना. काड्यांचं त्याला काहीच नव्हतं, ताई. आपण इतका जीव काढला, त्याला काहीच नव्हतं. गुडघ्यावर कागद पसरला, टाक दिला माझ्या हातात. म्हणाला, आता सगळेच ढिगांत कर, कामही लवकर उरकेल.

थर्झा : तू काय म्हणालास?

असाहेल : म्हटलं, हा हिवाळा करून देतो. पुढचं नको. तो म्हणाला, पुन्हा बटणांकडे वळणार वाटतं. मी हो म्हटलं.

थर्झा : असाहेल.

असाहेल : काही बोलू नकोस आता. मला राग येतोय तुझा. अजून बरेच दिवस येणार आहे. माझं यंत्र चालवणारं ओढ्यावरचं पाणचाक गोठून पडलंय आणि पुढच्या वर्षी ते कशासाठी फिरवायचं मला ठाऊक नाही. उद्या लायमन येईल, परवा सगळं गाव येईल, त्यांना मी काय सांगू?

थर्झा : काड्या मी जाळल्या, असं सांग.

असाहेल : नको. गावाला एकच मूर्ख पुरे. तो त्यांच्या ओळखीचा आहे.

जेबेझ : खिळ्यांचं यंत्र आहे ना तुझं. थोडं बरं लाकूड लावलंस तर बाहेरगावी खिळे तरी विकता येतील.

असाहेल : तुम्हीच म्हणालात मोडतात म्हणून.

जेबेझ : तू पाइनसारखं मऊ लाकूड आणतोस. भूर्ज आण. हे मी तुला कधी सांगितलं नाही कारण तू कधी विचारलं नाहीस.

थर्झा : जोडे काड्यांवरच बेतू, पण खुणांचं काय करायचं? तीन ढिगांत पडले जोडे, तर कुणाचा कुठला हे कसं कळणार?

असाहेल : गेल्या वर्षी तळव्यावर खाचा पाडल्या होत्या. आता ते नको, पिंप भरताना दिसेल.

थर्झा : आतून घालते. जोड्याच्या जिभेच्या आतल्या बाजूला, दोऱ्यानं. दोन लांब, एक आखूड, ज्याचं जसं असेल तसं. पायात घालताना बोटाला लागेल. स्वतःची खूण ज्याची त्याला कळेल.

असाहेल : आणि जळल्या त्यांचं?

जेबेझ : ते मोठे करायचे. मोठ्या जोड्यात चिंध्या भरता येतात. लहान जोड्यासाठी पाय तासता येत नाही.

थर्झा : चिंध्या मी घालून देते. माझी जुनी लोकरीची शाल फाडते. पण त्यांच्यात खूण नसेल. त्यांनी हात घातला तर त्यांना काहीच लागणार नाही.

असाहेल : ताई.

थर्झा : असू दे. मला ते माहीत असलेलं बरं.

जेबेझ : असाहेल, ते तुझे फरमे. डाव्या-उजव्याचे. माळ्यावर कुठल्या कोपऱ्यात आहेत?

असाहेल : तुम्ही फेकलेत तिथेच. शिव्यांसकट.

जेबेझ : शिव्या राहू देत वर. फरमे खाली आण. आणि अंगठ्यापाशी चिकटवायला कातड्याचा एक तुकडा दे, तेवढा फुगवटा काढावा लागेल.

असाहेल : एका जोडीसाठी वेगळे फरमे? पेल्हॅमच्या मालात?

जेबेझ : एका जोडीसाठी.

असाहेल : आणतो. दोन्ही एकदम आणू?

जेबेझ : आण दोन्ही. पण हातात आधी डावा दे.